भाषण आलं की छत्री

बाई गेल्या त्या आठवड्यात कॉलेजात त्यांची शोकसभा झाली. एकेक वक्ता उठायचा आणि बाईंना 'शोषितांचा बुलंद आवाज' म्हणायचा. एकानं 'अन्यायाविरुद्ध धगधगणारी मशाल' म्हटलं. मी दुसऱ्या रांगेत बसून नुसती चुळबुळ करत होते. माझ्या पर्समध्ये घडीची छत्री होती आणि ती उघडायची मला अनावर इच्छा होत होती. शेजारी सुरगाण्याची माझी मैत्रीण बसली होती, कॉलेजच्या नाटकांपासूनची. तिनं माझ्या हातावर हात ठेवला. "नको," ती म्हणाली, "आता आपण शिक्षिका आहोत." मी गप्प बसले. बाई असत्या तर बसल्या नसत्या. स्वतःच्या शोकसभेत त्यांनी सगळ्यात आधी छत्री उघडली असती.

ज्यांनी बाईंना पाहिलं नाही त्यांना हे छत्रीचं प्रकरण सांगितलं पाहिजे. बाई आम्हाला बी.ए.ला मराठी शिकवायच्या आणि कॉलेजची नाटकं बसवायच्या. नाटकं सगळी सामाजिक. धरणाची, दंगलीची, निवडणुकीची. बाईंच्या हातात बारा महिने एक काळी, लांब दांड्याची, पुरुषी छत्री असे. तालमीत एखादं पात्र बोलता बोलता भाषण द्यायला लागलं, की बाई समोरच्या खुर्चीत बसल्या बसल्या छत्री उघडून डोक्यावर धरायच्या. चेहरा शांत. भाषण संपलं की मिटायच्या. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, छत गळतंय. मी वरसुद्धा पाहिलं. सगळे हसले आणि बाई म्हणाल्या, "वर नको बघूस. संहितेत बघ."

पुढे पुढे 'छत्री उघडली' हा आमच्यात वाक्प्रचारच झाला. मेसमध्ये कोणी फार शहाणपणा शिकवायला लागलं की आम्ही 'छत्री, छत्री' म्हणायचो. एकदा गावात कुठल्याशा साहित्य संमेलनात एक पुढारी उद्घाटनाला आले होते. लेखकानं समाजाशी बांधिलकी कशी ठेवावी यावर ते इतका वेळ बोलले की हारातली फुलं मान टाकायला लागली. तिसऱ्या रांगेत फट्ट असा आवाज झाला आणि काळी छत्री उघडली. मागच्या लोकांना दिसेना. आरडाओरडा झाला. संयोजक धावत आले, "मॅडम, काय झालं?" बाई म्हणाल्या, "काही नाही, भिजायला नको." पुढाऱ्यांनाही हसू आलं असावं, कारण त्यांनी भाषण आवरतं घेतलं. बाईंना मात्र त्यानंतर कुठल्या संमेलनाचं निमंत्रण आलं नाही. त्याचं त्यांना सुतराम दुःख नव्हतं.

बाईंचा राजकारणावर राग होता असं कोणी समजू नये. उलट. कलेक्टर कचेरीवर मोर्चा असला की बाई पहिल्या फळीत, आणि घोषणा इतक्या खणखणीत की दुसऱ्या दिवशी वर्गात आवाज बसलेला. मी एकदा खोचकपणे विचारलं, "बाई, तालमीत तर तुम्ही घोषणा देऊ देत नाही." त्या घसा खरवडत म्हणाल्या, "मोर्च्यात घोषणा, नाटकात माणसं. पोळीच्या तव्यावर भात लावू नये."

बाई नाशकात, पंचवटीतल्या एका पिठाच्या गिरणीच्या वर राहायच्या. एकट्या. लग्न का केलं नाही असं विचारणाऱ्याला 'वेळ झाला नाही' असं इतक्या सरळ सांगायच्या की पुढचा प्रश्न सुचायचा नाही. खालच्या गिरणीमुळे त्यांच्या खोलीत सगळ्यावर पीठ. त्यांच्याकडून आणलेलं पुस्तक आधी झटकावं लागायचं. वर्तमानपत्र त्या मुद्दाम आठवड्यानं वाचायच्या. "आजचं आज वाचलं की नुसता संताप येतो," म्हणायच्या, "शिळं झालं की त्यातली गोष्ट दिसायला लागते." त्यामुळे देशात काय चाललंय हे त्यांना सगळ्यात उशिरा कळायचं आणि सगळ्यात नीट कळायचं, असं माझं प्रामाणिक मत आहे.

वर्गात राजकीय कादंबरी शिकवताना त्यांचा ठरलेला प्रश्न असे. "यातला मंत्री सकाळी उठून काय खातो?" एकदा मागून एकजण म्हणाला, "पैसे." वर्ग फिदीफिदी हसला. बाई त्याच्यावर रागावल्या नाहीत. "छान आहे," म्हणाल्या. "हे मोर्च्यात म्हण, मी तुझ्या मागून म्हणेन. पण कादंबरीकारानं मला त्याचं ताट दाखवलं पाहिजे. त्याला मधुमेह आहे का, बायको त्याला साखर लपवून ठेवते का, ते मला कळू दे. मग त्यानं पाप केलं की माझ्या पोटात कालवेल. नाहीतर काय, सैतानानं पाप केलं, त्यात बातमी काय?"

आणखी एक दंडक होता. नाटकात 'अन्याय' आणि 'शोषण' हे दोन शब्द पात्रांच्या तोंडी आले की लेखकानं सगळ्यांना चहा पाजायचा. "ते शब्द प्रेक्षकांचे आहेत," बाई म्हणायच्या. "घरी जाताना ते त्यांच्या तोंडात आले पाहिजेत. तुम्ही आधीच वाटून टाकलेत तर ते रिकाम्या हातानं जातील." मी पहिली संहिता वाचून दाखवली त्या दिवशी सगळ्यांना इतका चहा मिळाला की चहावाला मला ताई म्हणायला लागला.

त्या पहिल्या संहितेचीच ही गोष्ट.

मी निफाडकडची. आमच्या द्राक्षाच्या बागा. नव्वदचं दशक संपत आलं होतं, एक्स्पोर्टचं वारं गावात शिरलं होतं, आणि विरळणीला पेठ-सुरगाण्याकडून डोंगरातल्या बाया टोळीनं आमच्याकडं येत. विरळणी म्हणजे घडातले जास्तीचे मणी कात्रीनं काढायचे, म्हणजे राहिलेले मणी फुगतात. त्या वर्षी दिवाळीनंतर मी घरी होते. ढगाळ हवा पडली. अशा हवेत डावणी रोग एका रात्रीत बाग खातो, म्हणून माझ्या वडिलांनी, नानांनी, ट्रॅक्टरवरनं औषध मारायला काढलं. शेजारच्याच ओळीत बाया विरळणी करत होत्या. औषधाचा फवारा उडून एकीच्या डोळ्यांत गेला. ती हौदावर डोळे धूत बसली, मग पुन्हा कात्री घेऊन ओळीत गेली. संध्याकाळपर्यंत काम केलं तिनं. तिचा एक डोळा पुढं अधूच राहिला.

हे मी पाहिलं होतं. मला झोप लागेना. मी त्यावर नाटक लिहिलं आणि बाईंनी ते स्पर्धेसाठी घेतलं. मजुरिणीचं काम माझ्या सुरगाण्याच्या मैत्रिणीकडं गेलं. तिच्या तोंडी मी दोन पानांचं स्वगत घातलं होतं. 'हे धरणीमाते, माझ्या डोळ्यांतला उजेड कोणी हिरावला,' असं सुरू व्हायचं. ती पहिलं वाक्य म्हणाली आणि छत्री उघडली.

"तुमच्याकडं डोळ्यात काही गेलं तर बाई माणूस काय म्हणतं?" बाईंनी छत्रीखालून तिला विचारलं.

मैत्रीण जरा विचार करून म्हणाली, "काय नाय म्हणत. डोळा धुते."

"मग धू," बाई म्हणाल्या, आणि माझी दोन पानं गेली. मला रडू आलं. पण दुसऱ्या दिवशी ती स्टेजच्या मधोमध उकिडवी बसून, रिकाम्या हौदातलं नसलेलं पाणी डोळ्यांवर मारत राहिली, तेव्हा तालमीच्या खोलीत कोणाला खोकायची हिंमत झाली नाही.

मालकाचं पात्र मात्र बाईंना काही केल्या पटेना. 'ए, ऊठ. माजलात तुम्ही लोक. माझ्या जिवावर जगता आणि बसून राहता,' असली त्याची भाषा. काम करणारा मुलगा मिशीवर हात फिरवत ते म्हणायचा. बाई मान हलवायच्या. "हा माणूस नाही, फलक आहे. याच्यावर 'दुष्ट' लिहून टांगून ठेवलाय."

अशात नाटकाची बातमी गावी पोचली. एके दिवशी नाना आणि माझे धाकटे काका जीप घेऊन होस्टेलच्या फाटकाशी येऊन उभे राहिले. बोलत काकाच होते. "बापाच्या पैशानं शिकायचं आन बापालाच चौकात उभं करायचं? हे शिकवत्यात का कॉलेजात?" नाना जमिनीकडं बघत होते. शेवटी इतकंच म्हणाले, "नाटक केलं तर परीक्षा दे आन सामान बांधून घरी ये. एम.ए.-बीमे काय नाय." आणि जीपमध्ये जाऊन बसले.

माझी पाचावर धारण बसली. एम.ए. करणं आणि नाशकात राहणं यापलीकडं मला आयुष्यात तेव्हा दुसरं काही नको होतं. आमच्या घरातून मी पहिलीच मुलगी अशी बाहेर पडलेली. परत गेले असते तर वर्षाच्या आत माझे हात पिवळे झाले असते. मी रडत गिरणीवर गेले आणि बाईंना म्हणाले, "नाटक बंद करू या."

बाई भाजी निवडत होत्या. "वडील रागावले ते बरोबरच आहे," त्या म्हणाल्या. "तू त्यांच्यावर वाईट लिहिलंयस."

"बाई, खरं ते लिहिलंय."

"वाईट म्हणजे त्यांना वाईट दाखवलंस असं नव्हे. लिहिलंयसच वाईट. रविवारी तुमच्या घरी जेवायला येते म्हणून कळव."

मी कसं कळवलं ते माझं मला माहीत. रविवारी आम्ही एसटीनं गेलो. बाई, मी आणि छत्री. आईनं शेवभाजी आणि बाजरीच्या भाकरी केल्या होत्या. काका मुद्दाम घरी थांबले होते. नाना पाहुण्यांशी वागतात तसे अदबीनं वागत होते, "घ्या मॅडम, लाजू नका," पण माझ्याकडं एकदाही बघितलं नाही. बाई मनसोक्त जेवल्या. हात धुतले. मग पदरानं हात पुसत म्हणाल्या, "नाना, मी एका अडचणीत आहे. तुमच्या मुलीनं नाटकात बागेचा मालक लिहिलाय. तो मला खोटा वाटतो. जरा ऐकता का?"

काका उसळले, पण नानांनी हात वर केला. बाईंनी पिशवीतून संहिता काढली आणि ओटीवर बसून मालकाचे संवाद वाचले, 'ए, ऊठ' पासून. मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं.

नाना ऐकता ऐकता हसायला लागले. खरंच हसले. "असं बोललं तर दुसऱ्या दिवशी एक माणूस बागेत यायचं नाय. टोळी उठून शेजारच्याकडं जाईल. इथं माणसाला लय जपावं लागतं, मॅडम."

"मग तुम्ही काय म्हणता? काम सुरू करायचं असलं की?"

"काय म्हणायचं? काय नाय म्हणत. बांधावर जाऊन उभं राहतो आन विचारतो, 'झाला का चहा?'"

"म्हणजे?"

मला हसू आलं. आमच्या भागात हे पोराटोराला माहीत आहे. मालक 'उठा' म्हणत नाही, 'झाला का चहा' म्हणतो, की बायांनी कप खाली ठेवायचे आणि ओळीला लागायचं. किती गोड बोलतात आमच्याकडचे लोक, असं मला लहानपणी वाटायचं.

बाईंना हसू आलं नाही. त्या पुढं वाकल्या. "आणि एखादीचा झाला नसेल तर? कपच तिच्यापर्यंत आला नसेल तर ती काय म्हणते?"

समोर अंगणात कोंबड्या फिरत होत्या, त्यांच्याकडं नाना बघत राहिले. मग म्हणाले, "तीबी झालाच म्हणते."

मी माझ्या वडिलांना असं कधी पाहिलं नव्हतं. बाईंच्या जागी मी असते तर तिथंच बाजी मारली म्हणून टाळी वाजवली असती. बाईंनी आईकडं वळून विचारलं, "भाजीत मसाला घरचा का हो?"

थोड्या वेळानं नाना आपणहून म्हणाले, "मी त्या मजुरिणीला निफाडला डोळ्याच्या डॉक्टरकडं नेलं होतं. ते लिहिलं का हिनं?"

"नाही लिहिलं," बाई माझ्याकडं बघत म्हणाल्या. "चूक आहे. ते घालायचं. कधी नेलं होतं?"

"संध्याकाळी."

"सकाळी का नाही?"

"ढगाळ हवा होती. एक दिवस गेला असता तर सगळी बाग गेली असती. वर्षाचं पीक. तुम्हाला नाय कळायचं."

"कळलं," बाई म्हणाल्या. "हेसुद्धा घालायचं, अगदी असंच."

निघताना नाना एसटीपर्यंत आले. बाईंना म्हणाले, "प्रयोगाला येतो. बघतो. मग ठरवू हिच्या सामानाचं." परतीच्या गाडीत मी बाईंना विचारलं, आता काय होईल. बाईंनी सांगितलं, मालकाचे सगळे संवाद फाडून टाक, आणि खिडकीला डोकं टेकून नाशिकपर्यंत झोपल्या.

मी नवा मालक लिहिला. तो बायांना मावशी म्हणतो, एकीच्या पोराला खाऊ देतो, आभाळाकडं बघून घाबरतो, आणि त्याची भीती इतकी खरी होती की तालमीत मलाच त्याची कीव यायला लागली. मिशीवाला मुलगा बिचारा गोंधळला. "मग मी व्हिलन आहे की नाही?" त्यानं विचारलं. बाई म्हणाल्या, "तुला नाही माहीत. त्यालाही नाही माहीत. म्हणून तर नाटक आहे."

प्रयोगाच्या दिवशी बाईंनी नानांना पहिल्या रांगेत बसवलं. ज्याच्यावर नाटक आहे त्याला मागं बसवणं त्यांना अपमान वाटायचा. नानांच्या शेजारी काका, मागं गावची आणखी काही माणसं. मी विंगेत उभी होते. माझं सगळं आयुष्य त्या पहिल्या रांगेतल्या नानांच्या पांढऱ्या टोपीवर टांगलेलं होतं आणि मला तिथून फक्त टोपीच दिसत होती.

चहाचा प्रसंग आला. बाया बांधावर बसल्या. किटली फिरली. माझी मैत्रीण हौदाशी डोळे धूत होती, तिच्यापर्यंत किटली पोचलीच नाही. मालक आला. एकदा आभाळाकडं पाहिलं, एकदा बागेकडं, आणि अगदी मायेनं विचारलं, "झाला का चहा?"

प्रेक्षकांत निफाड-दिंडोरीकडचे बरेच होते. ते ओळखून हसले. कप खाली ठेवल्याचे आवाज झाले. मैत्रिणीनं ओल्या चेहऱ्यानं वर बघितलं आणि म्हणाली, "झाला."

हसू थांबलं. ती चाचपडत कात्री शोधायला लागली. आणि त्या शांततेत माझे काका उठून उभे राहिले.

"ओ, खोटं हाय हे," ते स्टेजकडं बोट दाखवून ओरडले. "चहा न मिळता कोण झाला म्हणतं? काय लावलंय हे? आमच्याकडं असं होत नाय."

मैत्रीण थिजली. मिशीवाला माझ्याकडं बघायला लागला. मला वाटलं, संपलं. नाटकही, एम.ए.ही. आता नाना उठतील, दोघे भाऊ बाहेर पडतील, आणि मला उद्या ट्रंक बांधायची आहे.

नाना उठले नाहीत. मान न वळवता ते बोलले. ते काही ओरडले नाहीत, पण इतकी शांतता होती की शेवटच्या रांगेला ऐकू गेलं.

"होतं. आपल्याच बागेत होतं. बस खाली."

काका बसले. मैत्रिणीला कात्री सापडली आणि नाटक पुढं सुरू झालं. पुढचं मला आठवत नाही. विंगेत पडद्याचा दोर धरून मी रडत होते, दुःखानं नव्हे. माझ्या बापाचा मला इतका अभिमान त्याआधी कधी वाटला नव्हता, आणि मी तो मनसोक्त वाटू दिला.

पडदा पडल्यावर धावत बाहेर गेले. नाना जीपपाशी एकटेच उभे होते. म्हणाले, "पंधरा दिवस घरी येऊ नको. लोक बोलतील, तुझ्या आईला त्रास. मग ये." मी विचारलं, "आणि सामान?" ते म्हणाले, "सामानाला काय झालं? राहू दे तिथंच." जीपमध्ये बसताना त्यांनी टोपी काढून कपाळ पुसलं. थकलेले दिसत होते.

आमचं नाटक पुढच्या फेरीसाठी निवडलं गेलं. त्यानंतरच्या पहिल्या तालमीला सगळी मंडळी नुसती पेटलेली. प्रत्येकाच्या तोंडी एकच विषय. मिशीवाला म्हणाला, "आपण तो प्रसंग नाटकातच घेऊ. एकाला प्रेक्षकांत बसवायचं, तो काकांसारखा उठून ओरडेल. दुसरा पुढून म्हणेल, 'होतं, आपल्याच बागेत होतं.' थिएटर हादरेल." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही. लेखिका म्हणून मला कळत होतं, यापेक्षा चांगलं वाक्य मला जन्मात सुचणार नाही. मी कागद काढून लिहायलाही बसले.

"नाही," बाई म्हणाल्या.

मी चिडले. "का नाही? तुम्हीच सांगता, माणसं खरी बोलतात ते घ्या. चहा घेतला, डॉक्टर घेतला, ढगाळ हवा घेतली. मग हे का नाही?"

"ते सगळं त्यांनी आपल्याला दिलं होतं, घरी बसवून, जेवू घालून," बाई म्हणाल्या. "हे त्यांनी आपल्याला दिलेलं नाही. हे ते भावाला बोलले." मग माझ्या हातातला कागद हळूच काढून घेतला आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, "एवढ्या लोकांत ते एकदा म्हणाले, बाळा. आता तू त्यांना रोज म्हणायला लावणार का?"

मी पेनला टोपण लावलं.

पुढच्या फेरीचा प्रयोग होता तसाच केला. नाना आले नव्हते. मैत्रीण "झाला" म्हणाली आणि कात्री शोधायला लागली. कोणी उठलं नाही, कोणी ओरडलं नाही. सगळं थिएटर त्या शांततेत बसून होतं, आणि तिथं नाना काय म्हणाले होते ते फक्त आम्हा नाटकवाल्यांना माहीत होतं.